सुमारे आणि सुमार

कोल्हापुरात इंग्रजीतले दोन शब्द इतके मुरलेत की ते परके आहेत हे कुणीतरी आठवण करून द्यावं लागतं. एक 'अप्रॉक्स' आणि दुसरा 'प्लस-मायनस'. उद्यमनगरात लेथवर, गुळाच्या अडतीत, प्लॉट दाखवणाऱ्या एजंटाच्या तोंडी, मंडपवाल्याच्या कोटेशनवर, सगळीकडे तेच. 'अप्रॉक्स किती होईल?' 'पन्नास धरा, प्लस-मायनस.' 'चालतंय की.' विषय संपला. या शब्दांवरून अधूनमधून वाद पेटतो, आणि दरवेळी तो भलत्याच अंगानं पेटतो. भाषेची काळजी वाहणारे म्हणतात, 'अप्रॉक्स' कशाला, 'अंदाजे' म्हणा. गुणवत्तेचे तक्ते भिंतीवर लावणारे म्हणतात, शब्द कुठलाही असो, ही 'चालतंय' वृत्तीच आपल्याला बुडवते. बोलायचं तर नेमकं बोला. तिसरे छाती पुढं काढून सांगतात की आमच्या माणसाचा अंदाज तुमच्या मशीनपेक्षा सरस असतो. तिघंही एकमेकांशी भांडतात आणि अंदाज चुकल्यावर फटका कुणाला बसतो, हे विचारायचं तिघांच्याही डोक्यात येत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. अंदाज बांधणं हा दोष नाही. त्यासाठी इंग्रजी शब्द वापरणं हाही दोष नाही. खोट आहे ती अंदाजासोबत यायला हवेत ते दोन तपशील गाळण्यात: चूक किती होऊ शकते, आणि झालीच तर ती कुणाच्या पदरात पडणार. हे दोन सांगितले तर 'अप्रॉक्स' हा फार प्रामाणिक शब्द आहे. गाळले तर 'अंदाजे'सुद्धा लबाडच.

भाषेचा मुद्दा लवकर आटपतो, म्हणून तो आधी. 'अंदाज' हा शब्द फारसीतून आला. 'सुमारे'ही तिथलाच, 'शुमार' म्हणजे मोजदाद. परका म्हणून 'अप्रॉक्स'ला बाहेर काढायचं तर या दोघांनाही त्याच दारातून जावं लागेल, आणि मग आपण बोलायचं कशात? पण 'सुमार' या शब्दाचा आपल्याकडचा प्रवास बघण्यासारखा आहे. मूळ अर्थ मोजणी. त्यातून मर्यादा: 'गर्दीला सुमार राहिला नाही' म्हणतो तो. आणि आज 'सुमार काम' म्हटलं की कमी दर्जाचं काम. मोजणी, मर्यादा आणि मग दर्जाची घसरण, एकाच शब्दाच्या पोटात. मर्यादा सुटली की 'सुमारे'चं 'सुमार' होतं, हे शब्दकोशाला आपल्या आधी कळलेलं दिसतं.

आपल्याकडे 'जवळपास बरोबर' या कल्पनेला शिस्त नव्हती, असं मात्र कुणी समजू नये. आर्यभटानं इ.स. ४९९ मध्ये वीस हजार व्यासाच्या वर्तुळाचा परीघ ६२,८३२ दिला. म्हणजे गुणोत्तर ३.१४१६, चार दशांश स्थळांपर्यंत बिनचूक. तरीही त्यानं श्लोकात 'आसन्न' हा शब्द घातला: जवळचा, तंतोतंत नव्हे. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात 'लीलावती'त याच गुणोत्तराचे दोन आकडे दिले. ३९२७ भागिले १२५० याला 'सूक्ष्म' म्हटलं आणि बावीस सप्तमांशाला 'स्थूल', पण 'व्यवहारयोग्य'. त्यांनी स्थूलाला हाकललं नाही. त्याची जागा नेमून दिली. आजही ती जागा बरोबर आहे. गुऱ्हाळाच्या काहिलीला (रस उकळायच्या मोठ्या कढईला) २.४ मीटर व्यासाची पत्र्याची कड वळवायची असेल आणि फॅब्रिकेटरनं बावीस सप्तमांश धरलं, तर पट्टी सुमारे ३ मिलिमीटर जास्त निघते. जास्त, कमी नव्हे. बावीस सप्तमांश नेहमी वरच्या बाजूलाच चुकतं, आणि जास्तीचा पत्रा ग्राइंडरनं खाता येतो. तीच चूक खालच्या बाजूला असती तर सांध्यात फट पडली असती आणि ती वेल्डिंगनं भरत बसावं लागलं असतं. स्थूल अंदाज व्यवहारयोग्य ठरतो तो असा: किती चुकतो ते ठाऊक आहे, आणि सावरता येईल अशा बाजूला चुकतो.

आता 'प्लस-मायनस'कडे येऊ, कारण हा शब्द कोल्हापूरनं भाषणातून नव्हे, ड्रॉइंगवरून उचलला. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि उद्यमनगर या औद्योगिक वसाहतींत ज्यानं चार वर्षं काढलीत त्याला हे सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी: यंत्राच्या भागाच्या ड्रॉइंगवर कुठलंही माप एकटं नसतं. ५० मिलिमीटरच्या बोअरला (भोकाला) 'एच ७' लिहिलं असेल तर तो ५०.००० ते ५०.०२५ च्या दरम्यान हवा. त्यात फिरणाऱ्या शाफ्टला (दांड्याला) 'जी ६' असेल तर तो ४९.९७५ ते ४९.९९१. नीट बघा. बोअरला फक्त प्लस आहे, मायनस शून्य. शाफ्टला दोन्ही आकडे मायनसमध्ये. यात प्लस-मायनस असं सरसकट काही नाहीच. कुणी 'पन्नासचा आहे, प्लस-मायनस वीस मायक्रॉन' (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) म्हणत दोन्ही बनवले, तर कधी शाफ्ट बोअरमध्ये शिरणार नाही आणि कधी सहज फिरेल, आणि दोन्ही नग कागदावर 'पन्नास'च असतील. ज्या मापाला ड्रॉइंगवर काहीच मर्यादा लिहिलेली नसते, तेही मोकाट नसतं. खाली कोपऱ्यात 'आयएसओ २७६८ मीडियम' असं लिहिलेलं असतं आणि त्या तक्त्यानं ३० ते १२० मिलिमीटरच्या मापाला ०.३ मिलिमीटर इकडं-तिकडं एवढीच सूट मिळते. न बोललेल्या मापालाही मर्यादा, असा तो करार आहे.

फौंड्रीत तर हे आणखी उघड दिसतं. राखाडी बीड (ग्रे कास्ट आयर्न) थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, मीटरला १० मिलिमीटर. म्हणून ४०० मिलिमीटरच्या फ्लँजचा पॅटर्न (ज्यावरून वाळूचा साचा घेतात तो नमुना) ४०४ चा करावा लागतो, आणि मशिनिंग होणाऱ्या बाजूला वर ३-३ मिलिमीटर अधिक. पॅटर्नमेकर त्यासाठी वेगळी पट्टीच वापरतो. तिच्यावरचा मिलिमीटर मुळातच वाढवलेला असतो. ॲल्युमिनियमला हीच आकुंचनाची रक्कम १.३ टक्क्यांच्या आसपास, पोलादाला दोनच्या. पट्टी चुकीची उचलली की पूर्ण लॉट भंगारात. इथंही बाहेरच्या मापाला माल जास्त ठेवतात आणि आतल्या भोकाचा कोअर (साच्यातला गाभा) बारीक ठेवतात. कारण एकच: जास्तीचं कापता येतं, कापलेलं परत चिकटवता येत नाही. सीएनसीवर (संगणकानं चालणाऱ्या मशीनवर) बॅच चालू असते तेव्हा इन्सर्ट, म्हणजे कापणारं पातं, झिजत जातं, तसा बाहेरचा व्यास वाढत जातो आणि बोअर लहान होत जातो. चांगला ऑपरेटर म्हणून दर काही नगांनंतर ऑफसेट सुधारतो. चूक एकाच दिशेला सरकते आहे हे त्याला माहीत असतं, आणि नगाला मायक्रोमीटर लावताना त्याची नजर आकड्याइतकीच त्या दिशेवर असते.

म्हणजे वर्कशॉपात 'प्लस-मायनस' हा अत्यंत कडक शब्द आहे. त्याच्यामागे आकडा असतो, आकड्यामागे गेज (मापक) असतो, गेजमागे रिजेक्शनची पेटी असते. मग तो शिफ्ट सुटल्यावर फाटकाबाहेर चहाच्या गाड्यावर येईपर्यंत असा सैल कसा होतो? तिथं 'प्लस-मायनस' म्हणजे 'फार खोलात शिरू नका'. शब्द तोच, आकडा वाटेत गळून पडलेला. शिस्तप्रिय मंडळींना मी म्हणेन की 'चालतंय की' या दोन शब्दांवर एवढा राग धरू नका. ड्रॉइंगवरचं टॉलरन्ससुद्धा दुसरं काय सांगतं? 'एवढ्यापर्यंत चालतंय' हेच. फरक 'एवढ्यापर्यंत'चा आहे.

आणि त्यांच्या विरोधातला सगळ्यात भक्कम मुद्दा मला मान्य आहे. सगळीकडे नेमकेपणा मागणं हे अज्ञानाचंच लक्षण असतं. फाटकाच्या बिजागरीला मायक्रॉनची गरज नसते. टर्निंगनं सहज मिळणारं माप ग्राइंडिंगनं मिळवायला लावलं तर वेळ वाढतो, दर वाढतो आणि वस्तू तितकीच चांगली राहते. ज्या नव्या डिझायनरनं कधी चिप उडताना पाहिली नाही तो प्रत्येक मापाला दहा मायक्रॉन लावतो, आणि जॉबवर्कवाला मुकाट्यानं दर दुप्पट सांगतो. शिवाय खोटा नेमकेपणा हे वेगळंच पाप. कामाचा खर्च रुपये-पैशांपर्यंत मांडलेली अंदाजपत्रकं आपण पाहतो. नावातच 'अंदाज' आहे आणि शेवटी चाळीस पैसे! पाहणाऱ्याला वाटतं, केवढा हिशेब केलाय. एव्हरेस्टची उंची १८५६ मध्ये २९,००२ फूट म्हणून जाहीर झाली. त्याबद्दल एक आख्यायिका आहे की हिशेबाची सरासरी बरोबर २९,००० आली होती, पण गोल आकडा पाहून लोकांना तो अंदाज वाटेल म्हणून वर दोन फूट चढवले. खरी असो की नसो, ती टिकली, कारण आपण आकड्याच्या शेपटीवर विश्वास ठेवतो हे ती बरोबर सांगते.

तिसऱ्या गटाचा मुद्दा याहून अवघड आहे, कारण त्यांच्याकडे गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, आहे. गुऱ्हाळात काहिलीतला रस उकळत असतो, भेंडीच्या पाण्यानं मळी वर येते, ती काढतात, चुन्याची निवळी किती घालायची ते रसाचा रंग बघून ठरतं. मग पाक घट्ट होत जातो. पुस्तकातलं सांगायचं तर काकवी १०५-१०६ अंशांना उतरवायची आणि घट्ट गूळ ११८ ते १२० अंशांच्या दरम्यान. दोन अंश आधी उतरवला तर रवा (गुळाची ढेप) बसत नाही, पाझरतो. उशीर झाला तर खालून लागतो, काळा पडतो. गुळव्याच्या हातात थर्मामीटर नसतो. तो पाकाची धार बघतो, बुडबुड्यांचा आवाज ऐकतो, मग थंड पाण्यात थेंब सोडून बोटांत गोळी वळते का ते बघतो. आणि तो बहुतेक वेळा चुकत नाही. उलट नुसता थर्मामीटर चुकू शकतो: ऊस खारवट जमिनीतला असेल, लोळलेला असेल, तोडून दोन दिवस पडलेला असेल, तर साखरेची फोड झालेली असते आणि त्याच तापमानाला गूळ बसत नाही. मग आकडा मोठा की माणूस?

माणूस, हे मी बिनशर्त कबूल करतो. पण गुळव्या जे करतो ते 'अंदाजपंचे' नव्हे. पाण्याचं भांडं हाच त्याचा गेज आहे. दर मिनिटाला तो मोजतोय, फक्त अंशात नाही मोजत. शिवाय चूक त्याच संध्याकाळी साच्यात दिसते आणि बोल त्यालाच लागतो. त्याच चुलवाणावरचा दुसरा अंदाज मात्र बघा. गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून हायड्रॉस ही गंधकयुक्त पावडर टाकतात, तीही हातानं, अंदाजानंच. खाण्याच्या गुळात गंधकाचा डायऑक्साइड किलोला जास्तीत जास्त ७० मिलिग्रॅम राहू शकतो. ३० किलोच्या रव्याला हा हिशेब जेमतेम दोन ग्रॅम होतो. मुठीच्या मापानं टाकणाऱ्याला दोन ग्रॅम कसे कळणार? इथं गोळी वळून बघायची सोय नाही. पावडर जास्त पडली तर रंग उलट छानच येतो, अडतीत दर चांगला मिळतो, आणि चूक कुठंतरी लांब, खाणाऱ्याच्या घरी जाऊन पडते. माणूस तोच, हात तोच, काहीलही तीच. पहिला अंदाज कसब ठरतो आणि दुसरा बेफिकिरी, ते एवढ्याच फरकानं.

बांधकामावरही हेच. सिमेंटच्या ५० किलोच्या पोत्याला पाणी-सिमेंट प्रमाण ०.५५ धरलं तर एकूण पाणी साडेसत्तावीस लिटर, आणि त्यात ओल्या वाळूतलं पाणीही आलं. मालाला 'जरा पातळ' करायला आणखी अर्धी बादली टाकणं सोपं. पातळ माल ओतायला हलका जातो. श्रम वाचले गवंड्याचे, ताकद गेली मालकाच्या स्लॅबची. उलट डिझाइन करणारा इंजिनिअर पण अंदाजच करतो: भिंतीवर उद्या किती भार येईल हे त्याला कुठं ठाऊक असतं? म्हणून तो भाराला १.५ नं गुणतो आणि काँक्रीटची ताकद १.५ नं भागतो. तो आपलं अज्ञान मोजून, सुरक्षित बाजूला ढकलून ठेवतो. दोघंही अंदाजानंच काम करतात, पण एकाचा अंदाज घराला राखतो आणि दुसऱ्याचा फक्त हाताला आराम देतो.

कुणाच्या बाजूला, हा प्रश्न आपल्या पूर्वजांना चांगला कळत होता. पायलीनं धान्य मोजायच्या काळात माप सपाट की शिगेचं, यावरून भांडणं होत. पायली तीच, पण देताना काठी फिरवून सपाट आणि घेताना शीग लावून, असं करणारा सावकार कागदोपत्री कुठंच चुकत नसे. जमिनीच्या मोजणीलाही हात हे माप होतं, पण कुणाचा हात? शिवकाळात मोजणीची काठी पाच हात पाच मुठींची ठरवली गेली ती याचसाठी. हात हे माप ढोबळच राहिलं, पण एकदा काठी पक्की झाल्यावर पाटलाचा हात लांब की कुळाचा, हा वाद उरला नाही.

आजची शीग काट्याच्या आकड्यात लपते. समजा, दुधाचा एक काटा शंभर मिलिलिटरच्या टप्प्यानं आकडा दाखवतो. ४ लिटर ३७० मिलिलिटर घातलं. काटा जवळच्या टप्प्याला नेत असेल तर ४.४ दाखवील, उद्या ४.३२० ला ४.३ दाखवील. वर्षभरात हिशेब आपोआप बरोबरीला येतो. पण काटा नेहमी खालचाच टप्पा दाखवत असेल, ४.३७० लाही ४.३, तर प्रत्येक वेळी सरासरी ५० मिलिलिटर जातात. दिवसाला दोन वेळा, वर्षाला ७३० वेळा: साडेछत्तीस लिटर दूध. दोन्ही काट्यांना 'अप्रॉक्स शंभर मिलीचा फरक' असंच म्हणता येईल आणि दोन्ही वेळा ते खरंच असेल. उसाच्या वे-ब्रिजचंही तसंच. १० किलोच्या टप्प्याच्या काट्याला पडताळणीच्या वेळी २० टनांवर १० किलोपर्यंतची चूक कायदा चालवून घेतो. पण ती दोन्ही बाजूंनी यायला हवी. दहा खेपा रिकाम्या-भरल्या तपासल्या आणि दहाही खेपांना काटा एकाच अंगाला झुकला, तर ती चूक मर्यादेत असली तरी प्लस-मायनस राहिली नाही, नुसती मायनस झाली.

उताऱ्याचा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या टक्क्यांचा, दशांश तर त्याहून महाग. २०२५-२६ च्या हंगामासाठी एफआरपी (कारखान्यानं उसाला द्यायचा किमान दर) १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये होती, आणि त्यावर प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये अधिक. म्हणजे टनाला ३४.६० रुपये. एकरी साठ टन काढणाऱ्या शेतकऱ्याला 'साडेबारा धरा की, अप्रॉक्स' आणि 'बारा सहा' यांत दोन हजारांहून जास्त फरक पडतो. इथं दशांश म्हणजे किराणा आहे.

जमिनीच्या बाजारात एक फसवी बेरीज रोज होते. 'एक आर म्हणजे एक गुंठाच की.' गुंठा ३३ बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. आर म्हणजे १०० चौरस मीटर, १०७६.४ चौरस फूट. एका गुंठ्याला फरक साडेबारा चौरस फुटांचा, घोंगडं अंथरावं एवढा. त्यासाठी कोण भांडेल? पण सात-बारावर ०.४० हेक्टर, म्हणजे ४० आर, आणि व्यवहार ठरला 'एक एकर, चाळीस गुंठे' म्हणून, तर घेणाऱ्याला ५०४ चौरस फूट कमी मिळतात. चार एकरांत पावणेदोन गुंठ्यांहून जास्त. खरा एकर ४०.४७ आरचा. ज्याला गुंठ्याच्या दरानं पैसे मोजायचेत त्यानं आधी आकडा आरमध्ये घ्यावा आणि १.०१२ नं भागून गुंठे काढावेत. दोन मिनिटांचं काम. नव्या फ्लॅटच्या बाबतीत तर रेराच्या आदर्श करारात चटई क्षेत्राच्या फरकाला तीन टक्क्यांची कमाल मर्यादा लिहिलेली असते. सहाशे चौरस फुटांना अठरा. तरीही विक्रीच्या टेबलावर 'अप्रॉक्स सहाशे' असंच बोललं जातं आणि घेणारा मान डोलावतो.

ज्यांची ही भाषा आहे ते तरी 'अप्रॉक्स' कसा वापरतात? गप्पांत सैलच वापरतात, आपल्यासारखाच. पैशाचा प्रश्न आला की मात्र शब्दाला दावणीला बांधतात. निर्यातीच्या लेटर ऑफ क्रेडिटसाठी (पैसे देण्याच्या बँकेच्या हमीपत्रासाठी) जगभरच्या बँका यूसीपी ६०० ही नियमावली पाळतात. १ जुलै २००७ पासून ती लागू आहे. तिच्या तिसाव्या कलमात 'अबाउट' आणि 'अप्रॉक्सिमेटली' या शब्दांचा अर्थ आकड्यात दिलाय: दहा टक्के जास्त किंवा दहा टक्के कमी, त्यापुढं नाही. आणि शब्द ज्याला चिकटलाय त्यालाच ती सूट. नगसंख्येपुढं 'अबाउट' आहे पण रकमेपुढं नाही, म्हणून १००० ऐवजी ११०० कास्टिंग पाठवले, तर माल नियमात बसतो पण क्रेडिटच्या रकमेवरचे पैसे निघत नाहीत. शंभर नग समुद्रापार फुकट. शब्द मुळीच नसेल तर सुट्या मालाला पाच टक्क्यांची मुभा आहे, नगावर मोजलेल्या मालाला तीही नाही. आपल्या शहरातून कास्टिंग परदेशी जातं. त्या कंपन्यांच्या एक्स्पोर्टच्या टेबलावर बसणाऱ्या मुलीला हे कलम तोंडपाठ असतं. संध्याकाळी घर बघायला गेल्यावर तीच एजंटाला विचारते, 'अप्रॉक्स किती स्क्वेअर फूट?'

मग करायचं काय? शब्द बदलायचा नाही. फक्त त्याच्यामागं लगेच एक प्रश्न लावायचा. 'अप्रॉक्स पन्नास' म्हटलं की 'पंचेचाळीस चालतील का? आणि पंचावन्न झाले तर कोण देणार?' उत्तर देणारा प्रामाणिक असेल तर तो लगेच दोन आकडे सांगतो, आणि गंमत म्हणजे अनेकदा त्याला स्वतःलाच तेव्हा पहिल्यांदा कळतं की आपला अंदाज किती सैल होता. टाळाटाळ झाली, 'अहो, एवढं काय धरताय, आपलीच माणसं' असं झालं, तर तेही उत्तरच आहे. स्वयंपाकघराला मात्र यातून सूट. तांबड्या रश्श्यात मीठ अंदाजानंच पडावं. तिथं करणारीच आधी चव घेते.

हे लोकांना जमणार नाही, असं म्हणणाऱ्यांनी जुलैमध्ये पंचगंगेवर यावं. 'चालतंय की' म्हणणारं हेच शहर पाऊस लागला की एकदम इंचांत बोलायला लागतं. राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती, हा प्रश्न पानपट्टीवर, रिक्षात, व्हॉट्सॲपवर, दर तासाला. आणि उत्तर कधीही 'अप्रॉक्स चाळीस' नसतं. ४० फूट ४ इंच असतं, सोबत 'गेल्या तासात दोन इंच वाढलं' असतं, राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडलेत आणि एका दरवाजातून १४२८ क्युसेक म्हणजे एकूण किती, हेही असतं. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. मधल्या चार फुटांत खालच्या मजल्यावरचा फ्रिज वर चढवायचा की नाही, जनावरं कुठं न्यायची, दुकानातला माल कधी हलवायचा, हे ठरतं. अशा वेळी कुणी 'चाळीस आहे, प्लस-मायनस' म्हणालाच, तर गल्लीतलं शेंबडं पोरही विचारतं: प्लस का मायनस?